आंत्र-सूक्ष्मजंतूंचे जीन-नियमन

मानवाच्या आतड्यात वस्ती करणाऱ्या सूक्ष्मजंतूंमधील जीन (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणारे घटक) केव्हा कार्यान्वित व्हावेत व केव्हा निष्क्रिय राहावेत, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेला आंत्र-सूक्ष्मजंतूंचे जीन-नियमन म्हणतात. सूक्ष्मजंतूजवळ असलेले सर्व जीन एकाच वेळी कार्य करीत नाहीत. उपलब्ध अन्न, ऑक्सिजनाचे प्रमाण, अम्लता, विषारी पदार्थ, प्रतिजैविके (अँटिबायॉटिक औषधे) इत्यादींच्या अनुरोधाने त्यांतील काहीच जीन प्रथिने तयार करू लागतात. त्यामुळे एखादा जीन आतड्यात आहे एवढ्यावरून त्याचे कार्य तेथे चालू आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. हा भेद ओळखण्याच्या प्रयत्नांतूनच या विषयाचा विकास झाला. प्रारंभी एकाच जातीच्या सूक्ष्मजंतूवर प्रयोगशाळेत होणारा हा अभ्यास एकविसाव्या शतकात मेटाजीनोमाच्या (एखाद्या स्थानातील सर्व सूक्ष्मजीवांच्या एकत्रित आनुवंशिक द्रव्याच्या) साहाय्याने संपूर्ण समुदायावर होऊ लागला.

प्रारंभीचा इतिहास : आतड्यातील सूक्ष्मजीवांचे पहिले निरीक्षण डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ आंतोन व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी केले. १६८१ मध्ये स्वतःच्या मलाची तपासणी करताना त्यांना हालचाल करणारे सूक्ष्म जीव आढळले. यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १८८५ मध्ये, जर्मन बालरोगतज्ज्ञ टेओडोर एशेरिख (१८५७–१९११) यांनी म्यूनिक येथे अर्भकांच्या मलातून एक दंडाकार सूक्ष्मजंतू वेगळा केला. त्यांच्या गौरवार्थ त्यास पुढे एशेरिकिया कोलाय (संक्षेपाने ई. कोलाय) हे नाव देण्यात आले. हा सूक्ष्मजंतू हवेत तसेच हवेवाचूनही वाढतो, साध्या पोषक माध्यमावर त्याची जलद पैदास होते आणि अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होते. या गुणांमुळे तो प्रयोगशाळांमध्ये लोकप्रिय झाला. त्याचा के-१२ हा वाण १९२२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे घटसर्पातून बरे होत असलेल्या एका रुग्णाच्या मलातून मिळविण्यात आला. जगभरच्या रेणवीय आनुवंशिकीचा मोठा भाग याच वाणावरील प्रयोगांवर उभा आहे.

काही एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांना चालना देणारी प्रथिने) सूक्ष्मजंतूत नेहमीच असतात, तर काही विशिष्ट अन्नपदार्थ मिळाल्यावरच तयार होतात, हे १९३० च्या सुमारास लक्षात आले होते. फिनलंडचे जीवरसायनशास्त्रज्ञ हेनिंग कार्स्ट्रम यांनी दुसऱ्या प्रकारच्या एंझाइमांना ‘अनुकूली’ ही संज्ञा दिली. अन्नपदार्थच एंझाइमाला घडवितो, की एंझाइम घडविण्याची क्षमता सूक्ष्मजंतूत आधीपासून असते व अन्नपदार्थ तिला केवळ जागृत करतो, हा वादाचा मुद्दा मात्र अनिर्णित राहिला.

मॉनो व झाकॉब यांचे कार्य : फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मॉनो (१९१०–७६) हे पॅरिस येथे सूक्ष्मजंतूंच्या वाढीचा अभ्यास करीत होते. माध्यमात ग्लुकोज (द्राक्षशर्करा) आणि लॅक्टोज (दुग्धशर्करा) या दोन्ही शर्करा असल्यास सूक्ष्मजंतू प्रथम केवळ ग्लुकोज वापरतात. ते संपल्यावर वाढ काही काळ थांबते आणि मग लॅक्टोजावर पुन्हा सुरू होते. वाढीच्या या द्विस्तरी आलेखाचे वर्णन मॉनो यांनी १९४१ मधील आपल्या प्रबंधात केले. आंद्रे ल्वॉफ (१९०२–९४) यांनी या घटनेचा संबंध अनुकूली एंझाइमांशी असावा, असे त्यांना सुचविले. दुसऱ्या महायुद्धात मॉनो यांनी जर्मन सत्तेविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत भाग घेतला व युद्धसमाप्तीनंतर ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ल्वॉफ यांच्या विभागात दाखल झाले.

लॅक्टोजाचे विघटन करणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एंझाइम लॅक्टोजाच्या अभावी अत्यल्प असते व लॅक्टोज मिळताच त्याचे प्रमाण सुमारे हजार पटींनी वाढते. लॅक्टोज नसतानाही हे एंझाइम सतत तयार करणारे काही उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेले) वाण मॉनो यांना मिळाले होते. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ आर्थर पार्डी (१९२१–२०१९), फ्रांस्वा झाकॉब (१९२०–२०१३) व मॉनो यांनी या वाणांचा उपयोग करून १९५९ मध्ये एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. एंझाइमाचा आणि त्याच्या नियमनाचा असे दोन्ही जीन कार्यक्षम असलेल्या सूक्ष्मजंतूकडून ते दोन्ही नसलेल्या सूक्ष्मजंतूत संक्रमित करण्यात आले. काही मिनिटांतच लॅक्टोजाशिवाय एंझाइम तयार होऊ लागले, परंतु एक-दोन तासांत ही निर्मिती थांबली. ग्राहक सूक्ष्मजंतूत प्रारंभी अभाव असलेला कोणता तरी पदार्थ नियामक जीनामुळे हळूहळू साठतो व एंझाइमाचा जीन बंद करतो, असा याचा अर्थ होता. नियमन मुळात निषेधात्मक असून लॅक्टोज हा निषेध दूर करतो, हे यावरून स्पष्ट झाले.

झाकॉब व मॉनो यांनी १९६१ मध्ये आपला सिद्धांत विस्ताराने मांडला. त्यानुसार एकमेकांशेजारी असलेले व एकाच कार्यासाठी लागणारे जीन एकत्र नियंत्रित होतात. त्यांच्या अग्रभागी ‘ऑपरेटर’ हा डीएनएचा छोटा खंड असतो. नियामक जीनापासून तयार होणारा ‘रिप्रेसर’ (निरोधक) हा पदार्थ ऑपरेटरला चिकटला की, पुढील सर्व जीनांचे कार्य थांबते. अशा एकत्रित घटकास त्यांनी ‘ओपेरॉन’ हे नाव दिले. या कार्याबद्दल झाकॉब, ल्वॉफ व मॉनो यांना १९६५ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

सिद्धांताची पुष्टी व विस्तार : निरोधक हा पदार्थ प्रत्यक्षात वेगळा करण्याचे काम कठीण होते, कारण एका कोशिकेत त्याचे सुमारे दहाच रेणू असतात. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट व बेनो म्यूलर-हिल (१९३३–२०१८) यांनी हार्व्हर्ड विद्यापीठात लॅक्टोज ओपेरॉनाचा निरोधक वेगळा केला व तो प्रथिन असल्याचे दाखविले. सर्वच नियमन निषेधात्मक नसते, हे एलिस एंग्लसबर्ग यांनी ॲरॅबिनोज या शर्करेच्या ओपेरॉनावरील संशोधनाने १९६५ मध्ये सिद्ध केले. या ओपेरॉनाला कार्यान्वित करण्यासाठी नियामक प्रथिनाची उपस्थिती आवश्यक असते. ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लाच्या निर्मितीचे नियमन आरएनएची निर्मिती मध्येच खंडित करून होते, हे चार्ल्स यानोफ्स्की (१९२५–२०१८) यांनी १९७० नंतरच्या दशकात उलगडून दाखविले.

डीएनएपासून संदेशवाहक आरएनए तयार करणारे एंझाइम ज्या खंडाशी प्रथम बद्ध होते त्यास ‘प्रमोटर’ म्हणतात. ई. कोलायच्या अनेक प्रमोटरांत, आरएनए जेथून सुरू होते त्याच्या सुमारे दहा क्षारक अलीकडे, टी-ए-टी-ए-ए-टी या सहा अक्षरांशी मिळताजुळता क्रम असतो, असे डेव्हिड प्रिब्नाव यांनी १९७५ मध्ये निदर्शनास आणले. नियामक प्रथिनांची बंधनस्थानेही अशाच लहान क्रमांनी बनलेली असतात. त्यामुळे डीएनएचा क्रम वाचून जीन-नियमन ओळखता येईल, ही कल्पना पुढे आली. १९८२ मध्ये गॅरी स्टॉर्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, बंधनस्थानातील प्रत्येक जागच्या प्रत्येक अक्षराला भार देणारे कोष्टक करून अज्ञात क्रमाला गुण देण्याची पद्धती विकसित केली. काही सुधारणांसह हीच पद्धती आजही वापरली जाते.

या पद्धतीची एक मूलभूत मर्यादा आहे. डीएनए चार अक्षरांनी बनलेला असल्याने सहा अक्षरांचा कोणताही क्रम केवळ योगायोगाने सरासरी ४,०९६ जागांमागे एकदा आढळतो. १९९७ मध्ये फ्रेडरिक ब्लॅटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी के-१२ वाणाचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. त्यात ४६,३९,२२१ क्षारक-जोड्या आहेत. म्हणजे एवढा लहान क्रम डीएनएच्या एका धाग्यावरच सुमारे १,१०० वेळा अकारण सापडेल. खरे बंधनस्थान व योगायोग यांतील फरक करण्यासाठी तुलनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला. अनेक संबंधित जातींमध्ये एकाच जीनापुढे तोच क्रम टिकून राहिला असेल, तर तो उपयुक्त असण्याची शक्यता अधिक असते.

ई. कोलायच्या पलीकडे : ई. कोलाय हा आतड्याचा रहिवासी असला, तरी प्रौढ मानवाच्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंत त्याचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहूनही कमी असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सुमारे ७० किग्रॅ. वजनाच्या पुरुषाच्या शरीरात ३८ लक्ष कोटी सूक्ष्मजंतू असतात व त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. त्यांपैकी बहुसंख्य जातींना ऑक्सिजन घातक ठरतो. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट (१९०६–२००४) यांनी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजंतूंसाठी हवाविरहित संवर्धनाचे तंत्र विकसित केले आणि त्यामुळे अशा जाती प्रयोगशाळेत वाढविणे शक्य झाले.

बॅक्टिरॉइड्स या वंशातील सूक्ष्मजंतू मानवी आतड्यात विपुल असतात. ॲबिगेल सॅलियर्स (१९४२–२०१३) यांनी बॅक्टिरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन या जातीत स्टार्चाचे ग्रहण व विघटन करणाऱ्या जीनांचा समूह शोधून काढला व त्याचे नियमन अभ्यासिले. २००३ मध्ये जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने या जातीचा जीनोम प्रसिद्ध केला. मनुष्याला न पचणाऱ्या वनस्पतिजन्य बहुशर्करांचे विघटन करणारे जीन त्यात मोठ्या संख्येने आढळले. त्यांच्या जोडीला भोवतालच्या शर्करा ओळखणारी नियामक प्रथिनेही विपुल होती. या वंशातील प्रमोटरांची रचना ई. कोलायच्या प्रमोटरांहून वेगळी असल्याचे २००० मध्येच दाखविण्यात आले होते. त्यामुळे ई. कोलायवरून तयार केलेली कोष्टके जशीच्या तशी आतड्यातील इतर जातींना लावता येत नाहीत, हे स्पष्ट झाले. अर्धशतकाच्या परिश्रमाने मिळविलेले ज्ञान आतड्यातील एका अल्पसंख्य रहिवाशाचे होते.

मेटाजीनोमाचा उदय : कार्ल वूज (१९२८–२०१२) यांनी रिबोसोमातील आरएनएच्या क्रमावरून सूक्ष्मजीवांचे नाते ठरविण्याची पद्धती १९७७ पर्यंत प्रस्थापित केली होती. तिच्यामुळे संवर्धन न करताही जाती ओळखता येऊ लागल्या. १९९८ मध्ये जो हँडल्समन व सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांच्या संदर्भात ‘मेटाजीनोम’ ही संज्ञा प्रथम वापरली. २००६ मध्ये दोन अमेरिकन व्यक्तींच्या मलातील सूक्ष्मजीवांच्या डीएनएचे सुमारे ७.८ कोटी क्षारक वाचण्यात आले. यानंतर कामाचा आवाका झपाट्याने वाढला. २०१० मध्ये यूरोपीय व चिनी शास्त्रज्ञांच्या संयुक्त प्रकल्पाने १२४ यूरोपीय व्यक्तींच्या नमुन्यांतून ३३ लक्ष जीनांची सूची प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये १,२६७ नमुन्यांवरून केलेल्या सूचीत ही संख्या सुमारे ९९ लक्षांवर गेली. तुकड्यांची जुळणी करून संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण जीनोम उभे करण्याच्या तंत्रामुळे २०२१ च्या संकलनात ४,६४४ जातींचे २,०४,९३८ जीनोम समाविष्ट झाले. यांतील ७० टक्क्यांहून अधिक जातींचे प्रयोगशाळेत संवर्धन झालेले नव्हते.

मेटाजीनोमावरून नियमनाचा शोध : या सूच्यांमध्ये जीनांना प्राधान्य दिलेले असते. जीनांपुढील नियामक खंडांकडे प्रारंभी फारसे लक्ष दिले गेले नाही. मेटाजीनोमातील तुकडे आखूड असल्याने अनेकदा जीन एका तुकड्यात, तर त्याचा प्रमोटर दुसऱ्या तुकड्यात जातो. तुकडा कोणत्या जातीचा आहे हेही नेहमी ठरविता येत नाही. अमेरिकेतील मेरिलंड विद्यापीठाच्या बॉल्टिमोर काउंटी शाखेतील इव्हान एरिल यांच्या गटाने या अडचणीतून मार्ग काढला. एकच जाती व तिचा पूर्ण जीनोम यांऐवजी, समान कार्य करणाऱ्या जीनांचा गट हे परिमाण त्यांनी स्वीकारले. एका गटातील सर्व जीनांपुढील खंडांना गुण देऊन, तो गट विशिष्ट नियामकाच्या अधीन असण्याची संभाव्यता काढण्यात आली. एखादा खंड गहाळ असला, तरी गटातील इतरांच्या पुराव्याने ही उणीव भरून निघते.

या गटाने प्रथम २०१४ मध्ये ‘एसओएस’ प्रतिसादाचा अभ्यास प्रसिद्ध केला. डीएनएला इजा झाल्यास सूक्ष्मजंतू दुरुस्तीचे जीन एकत्रितपणे कार्यान्वित करतात. एव्हलिन विटकिन (१९२१–२०२३) व मिरोस्लाव्ह राडमन यांच्या संशोधनातून ही कल्पना पुढे आली व राडमन यांनी १९७० नंतरच्या दशकात तिला हे नाव दिले. एरव्ही लेक्सए या निरोधक प्रथिनामुळे हे जीन बंद असतात. काही प्रतिजैविकांमुळे हा प्रतिसाद सुरू होतो व त्यामुळे उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढू शकते. म्हणून आतड्यातील समुदायात कोणते जीन त्याच्या अधीन आहेत हा प्रश्न औषधोपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २०१६ मध्ये याच गटाने संभाव्यतेवर आधारित पद्धती तांब्याचे प्रमाण ओळखणाऱ्या सीएसओआर या नियामकाला लावली. हा नियामक २००७ मध्ये क्षयाच्या सूक्ष्मजंतूत ओळखण्यात आला होता. तांब्याचा अणू त्याला बद्ध झाला की, तो डीएनएपासून सुटतो व अतिरिक्त तांबे बाहेर टाकणारे जीन कार्यान्वित होतात.

नियमनाचा एक प्रकार मेटाजीनोमात प्रत्यक्ष दिसतो. बॅक्टिरॉइड्स फ्रॅजिलिस या सूक्ष्मजंतूच्या पृष्ठभागावरील आठ बहुशर्करांपैकी सात बहुशर्करांचे प्रमोटर डीएनएमध्ये उलटसुलट फिरू शकतात, असे २००१ मध्ये आढळले. प्रमोटर एका दिशेला असल्यास जीन चालू व विरुद्ध दिशेला असल्यास बंद राहतो. ही दिशा डीएनएच्या क्रमातच वाचता येते. २०१९ मध्ये ५४,८७५ सूक्ष्मजंतू-जीनोमांच्या पाहणीतून असे ४,६८६ खंड नोंदविण्यात आले. प्रतिजैविकास प्रतिरोध करणारे काही जीनही यांच्या नियंत्रणाखाली असून, प्रतिजैविक घेतलेल्या व्यक्तींच्या आतड्यात त्यांचे प्रमोटर चालू स्थितीकडे वळलेले आढळले.

नियामक क्रमांची प्रायोगिक तपासणीही मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आहे. २०१८ मध्ये हॅरिस वँग यांच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने १८४ जीनोमांतून घेतलेले सुमारे २९,००० नियामक क्रम तीन वेगवेगळ्या सूक्ष्मजंतूंत घालून त्यांची कार्यक्षमता मोजली. एका जातीत कार्य करणारा क्रम दुसरीत कार्य करीलच असे नाही, हे त्यातून दिसून आले. डीएनएबरोबर आरएनएचेही मापन केल्यास कोणते जीन प्रत्यक्ष चालू आहेत हे कळते. २०१४ मध्ये आठ निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांवर अशी तुलना प्रसिद्ध झाली. बीजाणुनिर्मिती व ॲमिनो अम्लांची निर्मिती यांचे जीन विपुल असूनही त्यांचे आरएनए तुलनेने कमी आढळले.

वैद्यकीय महत्त्व : हृदयविकारावरील डिगॉक्सिन हे औषध या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. त्याची उपचारमात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. काही रुग्णांच्या आतड्यातील एगर्थेला लेंटा हा सूक्ष्मजंतू त्याला निष्क्रिय करतो व अशा रुग्णाने प्रतिजैविक घेतल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण धोकादायक रीतीने वाढू शकते, हे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले होते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार औषध निष्क्रिय करणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये ३६ टक्के, तर दक्षिण भारतात सुमारे १४ टक्के होते. मात्र हा सूक्ष्मजंतू असूनही काहींमध्ये औषध निष्क्रिय होत नसे. २०१३ मध्ये पीटर टर्नबॉ यांच्या गटाने याचे कारण शोधले. औषधाच्या सान्निध्यात या सूक्ष्मजंतूतील एका ओपेरॉनाची क्रियाशीलता शंभर पटींहून अधिक वाढते. काही वाणांत हा ओपेरॉन नसतो व असला तरी आर्जिनीन हे ॲमिनो अम्ल विपुल असल्यास त्याची क्रिया दबते. उंदरांवरील प्रयोगांत प्रथिनयुक्त आहाराने औषधाचा नाश कमी झाला. म्हणजे सूक्ष्मजंतूची उपस्थिती, जीनाची उपस्थिती व जीनाचे नियमन या तीन वेगळ्या गोष्टी असून रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने तिन्ही तपासणे आवश्यक ठरते.

मर्यादा : क्रमावरून केलेले अनुमान हे प्रयोगाने पडताळल्याशिवाय निर्णायक मानता येत नाही. ज्यांची बंधनस्थाने प्रयोगाने निश्चित झाली आहेत अशा नियामकांची संख्या अल्प असून त्यांतील बरेच ई. कोलाय व इतर थोड्या जातींतील आहेत. मलाचा नमुना मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची माहिती देतो व लहान आतड्यातील परिस्थिती त्यावरून नीट कळत नाही. शिवाय मोठ्या सूच्यांतील नमुने प्रामुख्याने यूरोप, उत्तर अमेरिका व चीन येथील आहेत. भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांवर आधारित भारतीय जीनसूची २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. या नमुन्यांत, विशेषतः भोपाळकडील व्यक्तींत, प्रिव्होटेला या वंशाचे प्राबल्य आढळले व त्याचा संबंध वनस्पतिजन्य आहाराशी असल्याचे दिसले. आहाराप्रमाणे समुदाय बदलतो व समुदायाप्रमाणे नियमनही बदलू शकते. म्हणून एका देशातील नमुन्यांवरून काढलेले नियम दुसऱ्या देशातील रुग्णांना लागू करण्यापूर्वी तेथील नमुन्यांवर त्यांची पडताळणी करणे आवश्यक ठरते.